माज, मुजोरी आणि अभिमान

बडोद्यातल्या प्रतापनगरच्या मराठी घरात मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली की आई म्हणते, 'मला तिचा अभिमान वाटतो.' शेजारच्या गुजराती घराला हा शब्द खटकू शकतो. गुजरातीत अभिमानी म्हणजे घमेंडखोर. लेकीच्या कौतुकाला तिथे 'गर्व' चालतो. मराठीत गर्व हा दोष आणि अभिमान हा गुण. तो अती झाला तर त्याला 'दुरभिमान' असं वेगळं नाव. संस्कृतातून आलेले दोन्ही शब्द दोन शेजारी भाषांत असे फारकत घेऊन बसले आहेत.

घमेंडीचे ठसकेबाज शब्द मात्र तबेल्यात आणि हत्तीखान्यात शोधावेत. मुजोर म्हणजे मुळात मुँहजोर, लगाम न जुमानणारा घोडा. बडोद्याच्या गायकवाडांचं राज्य घोडदळाच्या बळावर उभं राहिलं. तिथे हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागला नसेल.

हत्तीची गोष्ट त्याहून रंगतदार. खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकिर्दीत (1856 ते 1870) बडोद्याची साठमारी, म्हणजे हत्तींच्या झुंजी, गाजल्या होत्या. त्यांच्या भिंतींनी वेढलेल्या मैदानाला 'अगड' म्हणत. फ्रेंच प्रवासी लुई रुसले याने या झुंजी पाहून लिहून ठेवल्या. हत्ती मस्तीवर यावेत म्हणून त्यांना आधी तीन महिने लोणी-साखर चारत, असं तो सांगतो. हत्तीच्या गंडस्थळातून पाझरतो तो 'मद'. त्याच धातूतून प्राकृतमार्गे मराठीत 'माजणे' आणि 'माज' आले. 'मस्ती' फारसीतून आली. 'मस्त' म्हणजे धुंद. म्हैस माजावर येते, हत्ती मस्तीत येतो आणि माणसाला सत्तेचा माज चढतो. तिन्हीकडे शब्द शरीरातल्या उधाणाबद्दलच बोलतो, म्हणून माझ्या लेखी 'अहंकारा'पेक्षा 'माज' जास्त बोचरा.

दरबारी शब्दांची चाल निराळी. 'मग्रूर'चा मूळ अरबी अर्थ फसलेला, भ्रमात असलेला. 'मिजास' म्हणजे आधी नुसती प्रकृती. मराठीत येऊन तिला तोरा चढला. 'शेखी' शेख या मानाच्या पदवीतून आली. 'रुबाबा'च्या मुळाशी अरबी भीती आहे.

माज कुठला आणि अभिमान कुठला, याची कसोटी बडोद्याच्याच एका राजाने लावली. 12 डिसेंबर 1911 रोजी दिल्ली दरबारात महाराज सयाजीराव गायकवाडांनी सम्राट पंचम जॉर्जपुढे एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून ते चालू लागले. अंगावर दरबाराला साजेसे दागिनेही नव्हते. इंग्रजी वृत्तपत्रांनी हा उद्धटपणा ठरवला. 'उद्धट'चा संस्कृत पूर्वज 'उद्धत', म्हणजे वर उचललेला. सयाजीरावांनी व्हाइसरॉय हार्डिंग यांना पत्र लिहून खुलासा केला आणि दिलगिरीही कळवली. पण ज्या राजाने 1906 साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याच्या त्या ताठ मानेला मराठीत माज म्हणता येत नाही. तिथे स्वाभिमान हाच शब्द बसतो.