कंट्रोल प्लॉट म्हणजे काय? प्रयोगाचा तक्ता कसा वाचावा?

प्रयोगाच्या तक्त्यात बहुधा शेवटच्या ओळीत ‘नियंत्रण’ किंवा ‘कंट्रोल’ असा शब्द असतो. इथे त्याचा अर्थ कीड-रोगाचे नियंत्रण असा घेऊ नका. जो घटक तपासायचा तेवढाच वगळून वाण, पेरणीची तारीख, खत, पाणी, आंतरमशागत सारखी ठेवलेला प्लॉट म्हणजे कंट्रोल.

तो का लागतो?

गेल्या वर्षी सोयाबीन एकरी ६ क्विंटल आले, यंदा टॉनिक फवारले आणि ८ क्विंटल आले. ही वाढ टॉनिकची की चांगल्या पावसाची? शेजारी न फवारलेला पट्टा नसेल, तर हे सांगता येत नाही. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३ साली सुरू झालेल्या गव्हाच्या प्रयोगात बिनखताचा पट्टा आजही राखला आहे, तो याच तुलनेसाठी.

कंट्रोलचे प्रकार

- प्रक्रियाविरहित: काहीच न दिलेला प्लॉट.
- फक्त पाण्याची फवारणी: परिणाम औषधाचा की नुसत्या पाण्याचा, हे कळण्यासाठी.
- तुल्य वाण: नव्या वाणाच्या तुलनेसाठी प्रचलित वाण.
- शेतकऱ्यांची पद्धत: प्रात्यक्षिकात शेजारीच घेतलेला नेहमीचा प्लॉट.

आपल्या शेतात कसा ठेवाल?

१. एकसारख्या जमिनीत एक-एक गुंठ्याच्या किमान तीन जोड्या आखा. प्रत्येक जोडीत कोणता प्लॉट कंट्रोल, हे चिठ्ठी टाकून ठरवा.
२. फवारा उडून जाऊ नये म्हणून मध्ये काही ओळी सोडा. काठाच्या ओळी वजनात धरू नका.
३. प्रत्येक प्लॉटची मळणी व वजन वेगळे करा.
४. कीडनाशक तपासताना कंट्रोल लहान ठेवा. कीड वाढून इतरत्र पसरू लागल्यास तिथेही फवारा.

हिशेब

समजा, गुंठ्याला सरासरी २१ किलो व कंट्रोलमध्ये २० किलो आले. फरक एकरी ४० किलो. भाव किलोला ४५ रुपये धरल्यास १,८०० रुपये. औषध व मजुरीचा खर्च २,००० रुपये असेल, तर उत्पादन वाढूनही २०० रुपये तोटाच. शिवाय एका जोडीत वाढ आणि दुसऱ्या जोडीत घट दिसली, तर हा एक किलोचा फरक जमिनीच्या कमी-जास्त प्रतीचाही असू शकतो.

‘उत्पादनात ३० टक्के वाढ’ असा दावा वाचला, की आधी विचारा: कशाच्या तुलनेत? कंट्रोलचा आकडा दिला नसेल, तर त्या टक्केवारीवर खरेदी ठरवू नका.