समुद्र नसलेल्या जिल्ह्यातले खारे संशोधन

आठवीत की नववीत, विज्ञानाच्या तासाला सरांनी बटाट्याचा एक काप साध्या पाण्यात आणि दुसरा मिठाच्या पाण्यात ठेवायला लावला होता. मिठातला काप तासाभरात लुळा पडला. 'परासरण' हा शब्द आपल्या तुकडीने पाठ केला आणि परीक्षेनंतर विसरला. मग खाडीच्या खाऱ्या चिखलात तिवर कसा जगतो, हे काही त्या दिवशी कोणी विचारले नाही. नेसरीहून आजरा-आंबोलीमार्गे घाट उतरून कोकणात गेलेल्या प्रत्येकाने ती झाडे पाहिली असतील, तरीही.

हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यात कोणीतरी धरून बसले होते, हे मला फार उशिरा कळले. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले प्रा. जी. व्ही. जोशी हे ते संशोधक. विद्यापीठ स्थापन झाले 1962 साली. त्याच वर्षी 'प्लांट फिजिऑलॉजी' या अमेरिकन नियतकालिकात जोशींचा पॉल सॉल्टमन आदींसोबतचा निबंध आला. समुद्रातल्या आणि जमिनीवरच्या वनस्पती अंधारात कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतात, त्यावर मिठाचा काय परिणाम होतो, हा त्याचा विषय.

मीठ पाण्यात विरघळले की सोडियम आणि क्लोराइड असे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. पेशीचे पटल स्निग्ध असते, त्यातून आयन सहजी आरपार जात नाहीत. त्यांच्यासाठी खास दारे आणि पंप लागतात. पेशीला आत पोटॅशियम भरपूर हवे असते, सोडियम मात्र वाढले की विकरांचे काम बिघडते. प्राण्यांच्या पेशीतला असा पंप डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी 1957 मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना ओळखला. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, असा त्याचा हिशेब. त्यासाठी त्यांना 1997 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. (नोबेलच्या मुळाशी खेकडा आहे हे ऐकून आपल्या ओढ्यात खेकडे धरणाऱ्यांना बरे वाटेल!) वनस्पतींची तऱ्हा वेगळी. त्या हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलतात, आणि ते परत आत येताना त्याच जोरावर सोडियम बाहेर काढतात किंवा पेशीतल्या रिक्तिकेत कोंडून ठेवतात.

खारफुटीत प्रत्येक झाडाची युक्ती निराळी. कांदळ बहुतेक मीठ मुळांशीच अडवतो. तिवर ते आत घेतो आणि पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. कोरड्या दिवशी पान चाटून पाहावे, खारट लागते. जोशी, जमाले आणि लीला भोसले यांनी याच विषयावर लिहिलेला 'खारफुटीतील आयन-नियमन' हा निबंध होनोलुलू येथे 1974 मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय परिसंवादाच्या ग्रंथात 1975 साली छापला गेला. ज्या शहरातून खाडी गाठायला घाट उतरावा लागतो, तिथल्या प्रयोगशाळेचे नाव प्रशांत महासागरातल्या बेटापर्यंत गेले. प्रा. लीला भोसले यांनी हे काम पुढे नेले. 1985 मध्ये खारफुटीवरचा राष्ट्रीय परिसंवाद कोल्हापुरातच झाला. महाराष्ट्राची खारफुटी ओळखायला शिकवणारे त्यांचे पुस्तकही आहे. 2020 मध्ये राज्याने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्ष ठरवले, तेव्हा मला या जुन्या निबंधांची आठवण झाली.

पण हे सगळे खाडीपुरतेच असते, तर आपल्या स्मरणिकेत मी ते लिहिले नसते. 1980 मध्ये जोशी आणि नाईक यांचा 'प्लांट अँड सॉइल' मध्ये निबंध आला, तो उसावर. निरनिराळ्या प्रकारच्या क्षारांच्या ताणाखाली ऊस कसा वागतो, हा प्रश्न. शिरोळ तालुक्यात वर्षानुवर्षे पाणी पाजून क्षारपड झालेली, पांढरी पडलेली राने ज्याने पाहिली आहेत त्याला हे वेगळे सांगायला नको. या निबंधाने ती राने सुधारली असे मी म्हणणार नाही. तिथे चर काढणे, जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून पाण्याचा निचरा करणे हेच उपाय चालतात, आणि त्याला पैसा लागतो. संशोधनाने इतके मात्र सांगितले, की क्षार म्हणजे एकच एक शत्रू नव्हे. कोणता क्षार, हे आधी विचारावे लागते.

आता माती तपासायला देतो तेव्हा मी अहवालातला सोडियमचा आकडा आधी पाहतो. बटाट्याचा तो लुळा काप तेव्हा हटकून डोळ्यांपुढे येतो.