ओसरी आणि अंगण

दिवेलागणीपूर्वीच्या प्रहरात जुन्या वाड्याचे दोन सुभे होत असत: ओसरीवर वडीलधाऱ्यांची बैठक आणि अंगणात पोरांचा गलका, आणि ओसरीवरच्या मंडळींची अशी पक्की समजूत असे की, फुरसतीचा सदुपयोग काय तो आपणच करतो, अंगणातली कार्टी नुसती हुंदडतात. हा निवाडा पुढे पुरता फिरला.

ओसरीवरचा एक मानाचा खेळ म्हणजे गंजिफा. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेल्या कापडाची, लाखेचा लेप दिलेली ती वाटोळी पाने सावंतवाडीचे चितारी रंगवीत. दशावतारी गंजिफेत अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व दहा अंकांची पाने, अशी एकूण 120 पाने. निम्म्या रंगांत दश्शी थोर तर निम्म्यांत एक्का. दिवसा पहिल्या उतारीचा मान रामाच्या राजाला, रात्री कृष्णाच्या. तिघांनी चाळीस चाळीस पाने सांभाळून, पडलेल्या प्रत्येक पानाची नोंद मनात ठेवायची, हे काम निवांत आणि मुरलेल्या बुद्धीचेच होते. (मला बावन्न पानांतलीही उतारी आठवत नाही.)

अंगणातल्या हुतुतूला साहित्य म्हणजे एक दम आणि एक रेघ. नियम गावोगाव निराळे. तंटा पडला की ज्याचा आवाज मोठा त्याचा कौल. मुलींना मात्र मोकळ्या खेळाची सनद बहुधा मंगळागौरीच्या रात्रीपुरतीच मिळे, आणि तीही घरात. हा अन्याय त्या काळी कोणाच्या ध्यानीही आला नाही.

पुढे शरीरसंवर्धनाच्या चळवळीत थोरांनीच या हुंदडण्याला कायदा दिला. खो-खोची नियमावली पुण्यात 1914 साली तयार झाली; बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने 1923 साली हुतुतूचे सामने भरवले; 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांची प्रात्यक्षिके थेट बर्लिनला नेली; आणि कबड्डी या नावाने तोच हुतुतू 1990 साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत पदकाचा खेळ ठरला. आपल्या गंजिफेसाठी असे दप्तर उघडण्याची निकड मात्र ओसरीला कधी भासली नाही. छापील कागदी पत्ते स्वस्त झाले, ओसरीने ते निमूट उचलले, आणि राजा-प्रधान पेटीत गेले.

सावंतवाडीच्या राजघराण्याने ही कला पुन्हा उभी केली. राजवाड्यात आजही दशावतारी पाने रंगवली जातात. घेणारे ती बहुधा शोभेसाठी घेतात.