घाट उतरलेली बोट

आमच्या भुशीचं धरण बांधलं ते रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून. शेजारच्या वळवण-शिरवट्याचं पाणी मात्र टाटांनी घाटाखाली उतरवलं. 1915 साली खोपोलीत त्यावर वीज सुरू झाली. तेच पाणी पुढं पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीला मिळतं. आमची बोटही त्याच दिशेनं गेली.

इथल्या एका तलावावरची ती जुनी, वीस फुटी अॅल्युमिनियमची बोट भंगाराच्या भावात मिळाली. घेतली रेवसच्या मावसभावानं, मासेमारीसाठी, बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून. मी पडलो फिटर, दुरुस्ती माझ्याकडं. पाटल्यांचं ऐकून पोटात गोळाच आला.

बोट ठोकळ्यांवर चढवली, आत पाणी भरलं. बाहेरून जिथं थेंब दिसेल तिथं खडूची खूण. गळके रिव्हेट बदलले. इंजिन अडकवायची मागची फळी कुजलेली, ती नवी घातली.

"दादा, बोल्ट चांगले आहेत की. राहू दे ना," मावसभाऊ म्हणाला.

"लोखंडी आहेत रे!"

खरी मेख तिथंच. गोड्या पाण्यात ते खपून गेलं होतं. खाऱ्या पाण्यात लोखंड टेकलं, की अॅल्युमिनियमच झिजतं. मग बोल्ट स्टेनलेसचे, तेही थेट टेकू नयेत म्हणून नायलॉनच्या चकत्या. बुडाला जस्ताचे तुकडे, म्हणजे आधी ते झिजतात. लाकडी होडीचा तांबंवाला रंग कुणी फुकट देत होतं. नको म्हटलं, तांबं तर लोखंडाहून वाईट.

पहिल्या हंगामात जिताडा बरा लागला. पाटल्या सुटल्या दुसऱ्या वर्षी. जस्ताचे तुकडे अजून इथूनच जातात.