जाहीर परीक्षेपासून वार्षिक अहवालापर्यंत

डिसेंबर-जानेवारीत महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक शाळेत स्नेहसंमेलन होते. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, बक्षीससमारंभ आणि मग नाच-नाटुकली, असा त्याचा ठरलेला क्रम असतो. या क्रमात एक बाब सुरू झाली की मांडवात कुजबुज वाढते आणि मागच्या रांगेतले पालक चहाला उठतात. ती बाब म्हणजे मुख्याध्यापकांचे अहवालवाचन. पट किती, निकाल किती टक्के, शिष्यवृत्तीला किती मुले बसली, तालुक्याच्या कबड्डीत कोण जिंकले, विज्ञान प्रदर्शनात कोणती प्रतिकृती निवडली गेली, वर्गखोलीसाठी देणगी कोणी दिली, हे सगळे त्यात असते आणि ते कोणी ऐकत नाही. माझे म्हणणे असे की समारंभातला सर्वांत जुना आणि सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. बाकीचा सोहळा त्याच्याभोवती नंतर जमत गेला. शाळेने आपल्या वर्षभराच्या कामाचा हिशेब लोकांसमोर उभे राहून द्यायचा, ही रीत आपल्याकडे सुमारे दोनशे वर्षांपूर्वी सुरू झाली. ती कशी रुजली आणि कशी विरत गेली हे पाहिले, तर आजच्या संमेलनात काय हरवले आहे ते नेमके कळते.

पंतोजींच्या शाळेला असा वेगळा समारंभ लागत नव्हता. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा होई, सणावारी पंतोजींना शिधा मिळे, आणि मुले पाढे, पावकी, निमकी एका सुरात म्हणत ती साऱ्या आळीला ऐकू जात. शाळा कोणाच्या तरी ओसरीवर भरे, त्यामुळे आत काय चालते हे बाहेरच्याला दिसत असे. नव्या पद्धतीची शाळा आली तेव्हा हे बदलले. मुंबईत १८२० नंतर जी मंडळी शाळा आणि शालेय पुस्तकांच्या कामाला लागली, त्यांच्या संस्थेला १८२७ पासून बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी हे नाव मिळाले. जगन्नाथ शंकरशेट, सदाशिव काशिनाथ छत्रे, बाळशास्त्री जांभेकर ही नावे तिच्याशी जोडलेली आहेत. याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन निवृत्त होऊन जाताना त्यांच्या स्मरणार्थ उच्च शिक्षणासाठी दोन लाखांहून अधिक रुपयांची वर्गणी जमली. सरकारी मदत होतीच, पण शेठ-सावकारांचा, संस्थानिकांचा आणि सामान्य देणगीदारांचा पैसाही त्यात होता. या शाळांत इंग्रजी, भूगोल, बीजगणित असे विषय होते, आणि देणाऱ्यांपैकी अनेकांना ते स्वतःला येत नव्हते. मुलगा खरोखर काही शिकला का, हे त्यांना दाखवायचे कसे? उत्तर होते वार्षिक जाहीर परीक्षा. मान्यवर आणि पालक समोर बसलेले, मुले एकेक करून पुढे येणार, परीक्षक विचारणार, मुलगा सर्वांदेखत उत्तर देणार, आणि तिथल्या तिथे बक्षिसे वाटली जाणार. आपला बक्षीससमारंभ या परीक्षेच्या पोटातून आलेला आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ती परीक्षाही दिखाऊच होती. हुशार पोरे निवडून, घोकून घेऊन उभी केली जात असतील; मग आजच्या संमेलनापेक्षा ती चांगली कशी? आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याला साक्ष आहे खुद्द दादाभाई नौरोजींची. १८२५ मध्ये जन्मलेले दादाभाई याच सोसायटीच्या शाळेत शिकले. अशाच एका प्रसंगाची आठवण त्यांनी उतारवयात लिहून ठेवली आहे. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाने गणिताच्या पुस्तकातले प्रश्न आणि उत्तरे तोंडपाठ करून टाकली होती आणि त्या बळावर तो वरचढ ठरला होता. पण जाहीर समारंभात पुस्तकाबाहेरचे प्रश्न विचारले गेले तेव्हा तो अडला. दादाभाई पुढे आले आणि त्यांनी उत्तरे दिली. प्रेक्षकांतल्या एका इंग्रज गृहस्थाने त्यांना जागीच वेगळे बक्षीस दिले आणि मिसेस पोस्टन्स या इंग्रज लेखिकेने पश्चिम हिंदुस्थानावरच्या आपल्या पुस्तकात या मुलाचा उल्लेख केला. या प्रसंगातून दोन गोष्टी दिसतात. घोकंपट्टी तेव्हाही होती आणि शाळेच्या आतल्या मोजमापात ती खपूनही जात होती. पण ती उघडी पडली ती लोकांसमोर, कारण प्रश्न विचारण्याचा अधिकार शाळेबाहेरच्या माणसालाही होता. समारंभ सजवलेला असला तरी त्यात अनपेक्षित प्रश्नाला जागा होती. आजच्या पाहुण्यांना भाषण करता येते, पण प्रश्न विचारता येत नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो.

पुण्यात या जाहीर परीक्षेला आणखी धार आली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत आणखी शाळा सुरू केल्या. मुलींना विद्या येणारच नाही, आली तर त्या बिघडतील, शूद्रातिशूद्रांच्या मुलांना अक्षर कळणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी शहर भरलेले होते. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. त्यांना दाखवणे भाग होते. १८५३ च्या फेब्रुवारीत मुलींच्या शाळांची जाहीर परीक्षा विश्रामबाग वाड्यात, म्हणजे तेव्हाच्या पूना कॉलेजच्या आवारात झाली, आणि ती पाहायला सुमारे तीन हजार माणसे लोटल्याचे वृत्तांत सांगतात. ज्या वाड्यात १८२१ मध्ये पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशांतून संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती, त्याच वाड्यात मुलींनी जमावासमोर उत्तरे द्यावीत, हे साधे नव्हते. मुलींचे असे प्रदर्शन कशाला, हा आक्षेप तेव्हाही होता आणि पुढे १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल, आजचे हुजूरपागा, निघाल्यावरही मुलींच्या शिक्षणावर वर्तमानपत्रांतून कडक टीका झाली. पण ज्यांच्या शिकण्यावरच शंका घेतली जाते त्यांनी लोकांसमोर येऊन उत्तर देणे यात मिरवणे काही नसते. तो पुरावा असतो. फुल्यांच्याच शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपल्या जातीला कसे जगावे लागते हे तिने त्यात थेट मांडले आहे. मराठी शाळांच्या इतिहासात विद्यार्थ्याच्या यशाचा याहून मोठा दाखला माझ्या पाहण्यात नाही. या यशाला गुण नव्हते, क्रमांक नव्हता.

यानंतर परीक्षा लोकांसमोरून उठली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली आणि मुलाची खरी कसोटी आता बंद दालनात, कागदावर, अनोळखी परीक्षकापुढे होऊ लागली. १८६० च्या दशकात खाजगी शाळांचे अनुदान निकालाशी बांधले गेले. शिक्षणखात्याचे तपासनीस, म्हणजे दिपोटी साहेब, येणार म्हणून शाळा सारवली जाऊ लागली. हिशेब द्यायची दिशाच बदलली: आधी तो गावाला दिला जाई, आता खात्याला दिला जाऊ लागला. यात लाभही झाला हे मान्य केले पाहिजे. कागदी परीक्षेत परीक्षकाला मुलाचा पोशाख दिसत नाही आणि बापाची ओळखही चालत नाही. पण समारंभात त्यानंतर मुलाचे शिकणे प्रत्यक्ष दिसेनासे झाले. उरला तो त्याचा निकाल. शंकरशेट १८६५ मध्ये वारले आणि त्यांच्या नावाने मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला शिष्यवृत्ती ठेवली गेली. ती कोणत्या शाळेच्या मुलाला मिळाली यावर शाळांची अब्रू तोलली जाऊ लागली. चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सोबती यांनी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले तेव्हा सरकारी मदतीशिवायही उत्तम शाळा चालते हे सिद्ध करायला त्यांनाही मॅट्रिकच्या निकालाचा आधार घ्यावा लागला. १९१२ मध्ये चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले आणि शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. शाळांच्या दिवाणखान्यांतले लाकडी फलक अशाच नावांनी भरत गेले. या नावांचा अभिमान वाटणे योग्यच आहे. पण फलकावर वर्षाला एक नाव मावते आणि शाळेत त्या वर्षी शेकडो मुले असतात.

मोजक्यांच्या यशावरून साऱ्या शाळेचे काम मोजण्याचा हा धोका फुल्यांनी फार आधी ओळखला. १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी शिष्यवृत्त्यांबद्दल जे मांडले ते आजही प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावे असे आहे. स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत स्वतःपुरती न्याय्य असली तरी तिने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्या समाजांत शिक्षण पोचलेच नाही त्यांच्यासाठी वेगळी तजवीज हवी असे त्यांनी सुचवले. यावर आक्षेप घेतला जातो की मग गुणवत्तेचे काय, स्पर्धा काढली तर मुले वर कशी येतील? फुल्यांनी स्पर्धा वाईट म्हटलेली नाही. स्पर्धेने जे मोजले जाते तेवढेच शाळेचे काम, असे समजू नका, इतकेच त्यांनी बजावले. पुढे शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली आणि साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह चालवले. १९२७ मध्ये गांधीजी तिथे आले तेव्हा त्यांना दाखवायला भाऊरावांकडे होती ती एकत्र राहणारी, एकत्र जेवणारी, श्रम करून शिकणारी मुले. तोही शाळेचा अहवालच होता, आणि त्यात पहिला नंबर कोणाचा हा प्रश्न आला नाही.

गाणी, नाटके, खेळ या बाजूकडे मी तुच्छतेने पाहत नाही. संमेलनाच्या तालमींत अभ्यास बुडतो ही तक्रार फार जुनी आहे आणि मला ती पटत नाही. आचार्य अत्रे पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. ‘गुरुदक्षिणा’सारखी मुलांची नाटके त्यांनी लिहिली, आणि मराठी रंगभूमीला पुढे त्यांची लेखणी लाभली. पु. ल. देशपांड्यांनी ‘वयं मोठं खोटम्’ आणि ‘नवे गोकुळ’ मुलांसाठी लिहिले. भूमिका पाठ करताना मूल मराठी वाक्याचा तोल शिकते आणि नेपथ्य उभारताना हिशेब. वर्गात गप्प बसणारी मुलगी रंगमंचावर तोंड उघडते. खेळांचेही तेच. १९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेच्या सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली, तेव्हा एका शाळेचे नाव देशभर झाले. तेवढ्याने शाळेचे काम मात्र कळत नाही, कारण असे दोघे शंभर वर्षांत एखाद्याच शाळेला मिळतात. तेव्हा खरा प्रश्न गाणी-खेळांचा नाही, समारंभ कोणाचा हा आहे. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ६० वर्षे झाली म्हणून शाळाशाळांतून मिठाई वाटली गेली. तो उत्सव मुलांचा नव्हता, सत्तेचा होता. आज पाहुण्यांच्या सत्काराला तासभर जातो आणि पाचवीच्या मुलांना थंडीत ताटकळावे लागते, तेव्हा तो समारंभही मुलांच्या हातून सुटलेला असतो.

दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्या राज्य शिक्षण मंडळाने या शतकाच्या पहिल्या दशकात बंद केल्या. पहिल्या येणाऱ्याचे छायाचित्र छापायची सवय मात्र गेली नाही; ती शिकवण्यांच्या जाहिरातींत गेली. दुसरीकडे २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात अशी तरतूद आहे. गावाला हिशेब देण्याची जुनी रीत कायद्याने परत दिली, असे म्हणता येईल. अडचण एवढीच की समितीची बैठक चार भिंतींत होते आणि संमेलनाला सारे गाव जमते. ज्या दिवशी सगळे समोर असतात त्याच दिवशी शाळा सर्वांत कमी बोलते.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि पालकांना विनंती आहे. यंदाच्या संमेलनात अहवालवाचन शेवटी ढकलू नका आणि उरकूही नका. किती मुले पहिलीत आली आणि त्यांतली किती आज पाचवीत आहेत, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले परत वर्गात बसली का, किती मुलींची शाळा सातवीनंतर सुटली, ग्रंथालयातली किती पुस्तके प्रत्यक्ष वाचली गेली, हे त्यात सांगा. अहवाल मुलांनाच वाचू द्या, आणि नंतर अर्धा तास पालकांना प्रश्न विचारू द्या. पालकांनीही त्या वेळी चहाला न उठता बसून राहावे आणि विचारावे.