बॉम्बे रक्तगट : न दिसणाऱ्या वारशाचा मागोवा

नाशिकला रामकुंडावर आलेल्या यात्रेकरूला तीर्थोपाध्याय गाव-आडनाव विचारतात आणि वही उघडून आजोबा-पणजोबांची नावं वाचून दाखवतात. त्या वंशावळीत वडिलांची बाजू ठळक असते. रक्तगटात मात्र आईवडिलांचा वाटा निम्मा-निम्मा, आणि हे उमगायला विसावं शतक उजाडलं.

१९०१ मध्ये व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी रक्ताचे गट दाखवून दिले. ते मेंडेलच्या नियमांनी पुढच्या पिढीत उतरतात, हे १९१० मध्ये फॉन डुंगर्न आणि हिर्झफेल्ड यांनी सांगितलं. १९२४ मध्ये गणितज्ञ फेलिक्स बर्नस्टाइन यांनी हिशेब पक्का केला: ए, बी आणि ओ ही एकाच जनुकाची तीन रूपं, त्यांतलं एक आईकडून, एक वडिलांकडून. म्हणून ए गटाचे वडील आणि बी गटाची आई यांच्या पोटी ओ गटाचं मूल येऊ शकतं. दोघांनीही दडलेला ओ दिला की झालं. पण ओ गटाच्या आईला एबी गटाचं मूल होणं अशक्य, असं हा हिशेब सांगत होता.

त्याला अपवाद सापडला मुंबईत. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये असं रक्त नोंदवलं, जे तपासणीत ओ दिसे, पण ओ गटाच्या रक्ताशीही जुळत नसे. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात, तो ‘एच’ हा घटकच त्यात नव्हता. जगभर हा ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो.

एचचं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर, एबीओचं नवव्यावर. दोन्ही पालकांकडून एचचं निकामी रूप आलं, तर ए किंवा बी वारशात असूनही पेशीवर उमटत नाही, पण मुलांकडे जाऊ शकतो. जवळच्या नात्यात लग्न झालं, तर अशी दोन निकामी रूपं एकत्र येण्याची शक्यता वाढते. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा गट हा असतो.

रक्तपेढीत टाइलवर रक्ताचे थेंब घेऊन एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी मिसळतात. दोन्हीकडे गुठळ्या झाल्या नाहीत, की गट ओ ठरतो. खऱ्या ओ रक्तात अँटी-एच घातलं की गुठळ्या होतात, बॉम्बेत होत नाहीत. ‘ओ’ आईच्या मुलाचा गट एबी निघाला, तर संशय घेण्याआधी ही चाचणी करून घ्यावी.