सत्काराची शाल आणि सेवेची नोंद



शिक्षणसंस्थेच्या वार्षिक समारंभात ‘समाजसेवकांचा सत्कार’ हा एक कार्यक्रम बहुधा असतोच. नाव पुकारले जाते, सत्कारमूर्ती व्यासपीठावर येतात, अध्यक्षांच्या हस्ते शाल आणि श्रीफळ दिले जाते, टाळ्या होतात आणि पुढचे नाव पुकारले जाते. हा रिवाज चांगला आहे. जो समाज आपल्या उपकारकर्त्यांचे आभार मानीत नाही, तो कृतघ्न ठरतो. परंतु या समारंभाची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. शाळेच्या कचेरीत ज्यांची तसबीर टांगलेली असते, ते गृहस्थ कोण आणि त्यांनी काय केले, असे त्याच शाळेतील दहावीच्या विद्यार्थ्याला विचारून पाहा. बहुतेक वेळा उत्तर येईल, “कोणी देणगीदार असतील.” शाल कपाटात जाते, श्रीफळ प्रसंगीच संपते आणि पंधरा-वीस वर्षांत माणूसही विस्मृतीत जातो. मग सत्काराने साधायचे काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आपल्याच इतिहासात सापडते. म्हणून तो थोडा चाळू या.

इंग्रजी अमदानीत मानसन्मानाचा एक ठरीव साचा होता. सरकारदरबारी ज्याचे वजन असे, त्याला ‘जस्टिस ऑफ दि पीस’ नेमले जाई. कोणाला ‘खानसाहेब’, कोणाला ‘खानबहादूर’ आणि एखाद्यास ‘सर’ हा किताब मिळे. या किताबधारकांत लोकोपयोगी कामे करणारे पुष्कळ लोक होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि किताब देणारा राज्यकर्ता होता आणि त्याची मर्जी हा त्या सन्मानाचा पाया होता. १९५० साली अमलात आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने असे किताब देण्यास मनाई केली. त्या काळचे शेकडो किताबधारक आज कोणाच्याही स्मरणात नाहीत. उलट, ज्यांनी मागे एखादे उभे काम ठेवले, त्यांची नावे आजही आपल्या तोंडी आहेत.

मुंबईच्या ‘अंजुमन-ए-इस्लाम’चे उदाहरण घ्या. ही संस्था १८७४ साली स्थापन झाली. बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे वडीलबंधू कमरुद्दीन तय्यबजी, नाखुदा महमद अली रोगे आणि मुन्शी गुलाम मोहम्मद ही मंडळी स्थापनेत पुढे होती. एक बॅरिस्टर, एक सॉलिसिटर, एक कोकणी व्यापारी आणि एक मुन्शी! मुंबईचा मुसलमान समाज त्या वेळी कोकणी, बोहरा, खोजा, मेमन अशा जमातींत विभागलेला होता. प्रत्येकाची जमात वेगळी आणि व्यवहारही वेगळे. मुलांच्या शिक्षणासाठी सर्वांनी एकत्र बसावे, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. १८८० साली संस्थेची पहिली शाळा सुरू झाली. पुढे रेल्वेच्या बोरीबंदर स्थानकासमोर, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, सरकारकडून जागा मिळाली. ३१ मार्च १८९० रोजी गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली आणि १८९३ साली इमारत पूर्ण झाली. ती आजही उभी आहे आणि तेथे मुले शिकत आहेत. २०२४ साली संस्थेच्या स्थापनेस दीडशे वर्षे पूर्ण झाली.

बद्रुद्दीन तय्यबजींचा जन्म १८४४चा. १८६७ साली बॅरिस्टर होऊन ते मुंबईस परतले. १८८७ साली मद्रास येथे भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. १८९५ साली त्यांची मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा टिळकांना आधी जामीन नाकारण्यात आला होता. तो जामीन ज्यांनी मंजूर केला, ते न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजीच होते. १९०२ साली त्यांनी हंगामी मुख्य न्यायाधीश म्हणूनही काम पाहिले. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाला एका शाळेच्या कारभारात लक्ष घालण्याची काय गरज होती? पण अंजुमनचे काम त्यांनी सोडले नाही. १९०६ साली लंडन येथे त्यांचे निधन झाले, तोवर त्यांचा या संस्थेशी असलेला संबंध अतूट राहिला.

वाचकहो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. बद्रुद्दीन तय्यबजींविषयी आपण इतके तपशीलवार बोलू शकतो, याचे कारण त्यांची नोंद राहिली. काँग्रेसची कागदपत्रे आहेत, हायकोर्टाचे दप्तर आहे, शिवाय त्यांचे चिरंजीव हुसेन तय्यबजी यांनी लिहिलेले चरित्र १९५२ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्याच बरोबरीने संस्थेचा पाया घालणारे मुन्शी गुलाम मोहम्मद मात्र आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहेत? काम दोघांनी केले. एकाचे लिहिले गेले, दुसऱ्याचे फारसे लिहिले गेले नाही.

याहून बोलके उदाहरण पुण्याचे आहे. सावित्रीबाई फुले १८५६ साली आजारपणामुळे माहेरी, सातारा जिल्ह्यातील नायगावी राहिल्या होत्या. तेथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या गैरहजेरीत फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे. फातिमा शेख यांच्या कार्याचा हा एवढाच धागा आपल्या हाती उरला आहे. मुलींना शिकवणे हा जेव्हा अपराध मानला जात होता, त्या काळात त्या शिक्षिकेने न कुरकुरता भार वाहिला. त्या वेळी तिला कोणी शाल पांघरली नाही आणि तिच्याविषयी चार ओळीही कोणी लिहून ठेवल्या नाहीत. परिणाम काय झाला? २०२५च्या जानेवारीत, ही बाई खरोखर होऊन गेली की नाही, यावरच जाहीर वाद रंगला. एका स्त्रीने आपल्या मैत्रिणीच्या सोशिकपणाबद्दल पत्रात एक वाक्य लिहिले नसते, तर वाद घालण्यापुरतेही काही उरले नसते. समाजाने आपल्या सेवकांची नोंद ठेवली नाही, तर पुढे त्यांचे अस्तित्वही सिद्ध करावे लागते. हा धडा आपण विसरता कामा नये.

आता दात्यांकडे वळू. जहाज व्यवसायातील सर मोहम्मद युसूफ यांनी १९१४ साली मुसलमान विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी आठ लाख रुपये दिले. त्या काळचे आठ लाख! पण त्या रकमेतून उभे राहिलेले जोगेश्वरीचे इस्माईल युसूफ कॉलेज सुरू झाले ते १९३० साली. मधली सोळा वर्षे गेली. १९१४ साली जो मुलगा मॅट्रिकच्या वर्गात होता, त्याला या कॉलेजचा उपयोग झाला नाही. झाला तो त्याच्या धाकट्या भावंडांना, किंबहुना पुढच्या पिढीला. जोगेश्वरीच्या टेकडीवरचे हे सरकारी महाविद्यालय आज सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींना शिकवीत आहे. दिलेल्या पैशाचे फळ आपल्याच डोळ्यांदेखत दिसावे, असा हट्ट धरणाऱ्या आपल्यासारख्यांनी या सोळा वर्षांचा विचार जरूर करावा.

हाजी साबू सिद्दीक यांचे नाव मुंबईस गेलेल्या प्रत्येकाने ऐकले असेल. परगावच्या माणसाला क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना ठाऊक असतो, विद्यार्थ्याला भायखळ्याची तंत्रशिक्षण संस्था. साबू सिद्दीक ऐन तारुण्यात वारले. पण त्यांच्या नावाने राहिलेल्या संपत्तीतून १९३६ साली ही संस्था उभी राहिली आणि हजारो हातांना हुन्नर मिळाला. आपल्या धर्मात याला सदका-ए-जारिया म्हणतात. म्हणजे माणूस गेल्यावरही ज्याचा सवाब थांबत नाही असे दान.

वक्फाच्या परंपरेतही नोंदीला मोठे स्थान आहे. वक्फनाम्यात काय दिले, कोणासाठी दिले आणि देखरेख कोणी करावी, हे स्पष्ट लिहिलेले असते. मुतवल्लींनी मिळकतीचा तपशील आणि जमाखर्च सादर करावा, असे १९२३च्या मुसलमान वक्फ कायद्याने बंधन घातले. पैशाचा हिशोब ठेवणे आपल्याला नवीन नाही. माणसांच्या सेवेचा हिशोब ठेवण्यात मात्र आपण कमी पडलो.

सेवा म्हटली की देणगीच आठवावी, असेही नाही. श्रीमती कुलसुम सयानी (१९०० ते १९८७) यांनी मुंबईत प्रौढशिक्षणाचे काम हाती घेतले. परद्यात राहणाऱ्या स्त्रिया वर्गात येऊ शकत नव्हत्या, म्हणून त्यांच्या घरोघरी जाऊन त्यांना अक्षरओळख करून दिली. अक्षर शिकलेल्या माणसाला पुढे वाचायला काही हवे, नाहीतर शिकलेले विसरते, हे ओळखून त्यांनी १९४० साली ‘रहबर’ हे पाक्षिक सुरू केले. भाषा साधी हिंदुस्तानी, आणि लिपी तीन : नागरी, उर्दू आणि गुजराती. ज्याला जी येईल ती त्याने वाचावी. हे पत्र वीस वर्षे चालले. रेडिओवरील प्रसिद्ध निवेदक अमीन सयानी हे त्यांचे चिरंजीव. लहानपणी तेही ‘रहबर’च्या कामात हातभार लावीत. देशभरच्या घराघरांत पोहोचलेल्या त्यांच्या सोप्या भाषेची शाळा ती होती. १९६० साली कुलसुमबहेनना पद्मश्री आणि १९६९ साली नेहरू साक्षरता पारितोषिक मिळाले. सन्मान आला तो काम होऊन गेल्यावर. ज्या पहिल्या दिवशी त्या कोणाच्या तरी दारावर थाप मारून आत गेल्या असतील, त्या दिवशी टाळ्या वाजवायला कोणी नव्हते.

आणखी एक ऋण आपण उघडपणे मान्य केले पाहिजे. आपल्या शिक्षणाची सेवा केवळ आपल्याच लोकांनी केली असे नाही. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. त्यासाठी स्थापन झालेल्या मोहमेडन एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्षपद खुद्द महाराजांनी स्वीकारले. कोल्हापूरच्या दसरा चौकात ते बोर्डिंग आजही आहे. खेड्यातला गरीब मुसलमान मुलगा शहरात येऊन राहील कोठे आणि जेवेल काय, ही चिंता एका छत्रपतीने केली. तेव्हा सत्काराची यादी करताना केवळ आपल्या मोहल्ल्यापुरते पाहू नये. ज्या हिंदू मास्तरांनी आपल्या मुलांना फी न घेता गणित शिकवले असेल, ज्या ख्रिस्ती परिचारिकेने आपल्या आयाबहिणींची बाळंतपणे केली असतील, त्यांचेही नाव त्या यादीत असले पाहिजे.

वाचकहो, या साऱ्या इतिहासातून निघणारे तात्पर्य एवढेच की, सत्काराचे मुख्य काम नोंद ठेवण्याचे आहे. शाल ही त्या नोंदीची खूण. नोंदच नसेल तर शाल हे नुसते वस्त्र. सत्कारमूर्तीची निवड करतानाही हीच कसोटी लावता येईल. ज्याच्याविषयी ‘थोर’, ‘दानशूर’, ‘समाजभूषण’ या विशेषणांपलीकडे एकही ठोस ओळ लिहिता येत नाही, त्याच्या सत्काराची घाई करू नये. आणि ज्याच्याविषयी दोन पाने सहज लिहिता येतात, तो कितीही गरीब असो, मागच्या रांगेत बसलेला असो, त्याला पुढे बोलवावे.

विद्यार्थी मित्रहो, हे काम मुख्यतः तुमचे आहे. तुमच्या गावात शाळेसाठी जागा कोणी दिली? पहिल्या वर्गाचे पत्रे कोणी घातले? मुलींना शाळेत पाठवा म्हणून घरोघर कोण फिरले? पूर आला तेव्हा मशिदीत आणि शाळेत लोकांना आसरा कोणी दिला? ही माणसे किंवा त्यांना पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. सुट्टीत वही घेऊन त्यांच्याकडे बसा. आजोबांना, नानींना, निवृत्त शिक्षकांना, मशिदीच्या मुअज्जिनसाहेबांना विचारा. नाव, गाव, साल, केलेले काम, सोबत कोण होते, अडचण काय आली, पैसा कोठून आला, एवढे लिहून घ्या. ऐकीव गोष्ट असेल तर ‘अमुक यांनी सांगितले’ असे स्पष्ट लिहा. जुनी पावती, जुने छायाचित्र, जुने पत्र दिसले तर जपा. आणि पालकहो, आपल्या मुलाने अशी वही भरली, तर वेळ वाया घालवला असे त्याला म्हणू नका. पाठ्यपुस्तकात नसलेला आपल्या घराचा, मोहल्ल्याचा इतिहास तो लिहीत असतो.

फातिमा शेख यांच्यासाठी एका पत्रातले एक वाक्य उरले. आपल्या गावच्या फातिमांसाठी आपल्याला निदान एक वही तरी ठेवता येईल. अशा वह्या शाळेच्या वाचनालयात जमा होत गेल्या, तर पुढच्या पिढीला आपल्या उपकारकर्त्यांची ओळख तसबिरीखालच्या नावावरून करून घ्यावी लागणार नाही. आणि आज ज्यांचा सत्कार होत आहे, त्यांनाही खांद्यावरच्या शालीपेक्षा त्या वहीतले पान अधिक उबदार वाटेल.